खाजनांचे बांध आणि गावकरी

गोमंतकाच्या इतिहासाचा विचार होतो तेव्हा राजघराणी, किल्ले, देवालये आणि धर्मांतरे यांचा ऊहापोह विस्ताराने केला जातो. ज्या चिखलमातीच्या बांधांनी नद्यांचे खारे पाणी अडवून धरले, ज्यांच्या आडोशाला गावे वसली आणि ज्यांच्यामागे पिकलेल्या भातावर देवस्थानांचे नंदादीप तेवत राहिले, त्या बांधांचा उल्लेख मात्र ओझरताच होतो. बांधावर शिलालेख कोरलेला नसतो, त्याला कळस नसतो आणि तो कोणा एका राजाच्या नावाने ओळखलाही जात नाही. असे असूनही गोव्यातील सर्वांत जुने व सर्वांत दीर्घकाळ चाललेले सार्वजनिक बांधकाम कोणते, असे विचारल्यास खाजनांच्या बांधांकडेच बोट दाखवावे लागेल. महाजन कुटुंबांच्या दृष्टीने तर या विषयाला आणखी एक महत्त्व आहे. ज्या गावकऱ्यांनी देवालये उभारली, त्याच गावकऱ्यांच्या संस्थेने हे बांधही राखले होते.

भूमी आणि पाणी

गोव्याचा नदीकाठ नीट पाहिल्याखेरीज बांधांची आवश्यकता ध्यानात येत नाही. मांडवी व झुवारी या दोन मोठ्या नद्या आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांच्या कुशीत तिसवाडी वसली आहे. तेरेखोल, शापोरा, साळ, तळपण व गालजीबाग या नद्याही समुद्राला मिळताना रुंद खाड्यांचे रूप घेतात. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सुमारे दोन मीटरांनी चढते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या वेळी त्याचा जोर ओसरतो. उन्हाळ्यात नद्यांतील गोड्या पाण्याचा ओघ क्षीण झाला की भरतीबरोबर खारे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते. पावसाळ्यात याच नद्या गोड्या पाण्याने तुडुंब वाहतात. पुराचे पाणी आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर काठावरच्या सखल भूमीला दोन्ही बाजूंनी धोका असतो.

गावच्या जमिनीचे जुने वर्गीकरण तीन प्रकारचे आहे. डोंगरउतारावरची ती मोरड, मधली रेताड ती खेर आणि खाडीकाठची, भरतीच्या पातळीखाली येणारी ती खाजन. खाजन म्हणजे मुळात तिवरांनी भरलेली, भरतीला बुडणारी व ओहोटीला उघडी पडणारी दलदल. नदीने शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळामुळे ही माती अत्यंत कसदार झाली होती. पाणी बाहेर थोपविता आले, तर तेथे उत्तम भात पिकेल, हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांची नावे आज उपलब्ध नाहीत. या चिखलात प्रत्यक्ष उभे राहून ज्यांनी माती उचलली, त्यांत गावडा-कुणबी समाजाचे हात प्रामुख्याने होते, हे मात्र विसरता येणार नाही.

बांधाची रचना

खाजनाचा बांध पाहणाऱ्याला साधा मातीचा ढीग वाटतो. वस्तुतः त्याची रचना अनुभवाने घडलेली आहे. खाडीतलाच चिकट चिखल घेऊन त्यात गवत व पेंढा घालून त्याचे थरावर थर रचावयाचे, लाकडाच्या मेढी व बांबू यांनी त्याला आधार द्यावयाचा आणि जेथे प्रवाहाचा मारा अधिक तेथे बाहेरच्या अंगाला जांभ्या दगडांची रचाई करावयाची, अशी ही पद्धत आहे. दगडांत चुना भरला जात नाही. त्यामुळे माती खचली तरी दगड तिच्याबरोबर बसत जातात आणि भिंतीला तडा जात नाही. बांधाच्या बाहेरची तिवरे मुद्दाम राखली जातात. त्यांच्या मुळांत लाटांचा जोर मोडतो व गाळ साचतो. आतल्या भागात दुसरे, ठेंगणे बांध असतात. बाहेरचा बांध फुटलाच, तर सारे खाजन एकदम बुडू नये अशी ही योजना आहे.

या रचनेचे मर्म म्हणजे मानस. बांधात ठेवलेल्या दगडी वाटेवर लाकडी झडपा बसविलेल्या असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाब देऊ लागले की झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी त्या उघडून बाहेर पडते. नदीच्या स्वतःच्याच बळाने नदीला थोपविण्याची ही युक्ती पाहून कोणाही स्थापत्यशास्त्रज्ञाला कौतुक वाटेल. बांधाच्या आत सखल भागात पाणी साठविणारी पोंय असते. जूनच्या पहिल्या पावसाने मातीतले मीठ धुऊन गेले की कोरगुट, आसगो यांसारखी खारटपणा सोसणारी भाते पेरावयाची, ऑक्टोबरच्या सुमारास ती कापावयाची, आणि त्यानंतर मानशीतून हिशेबाने पाणी आत घेऊन मासळी धरावयाची, असे वर्षाचे चक्र चालत असे. काही ठिकाणी उन्हाळ्यात त्याच परिसरात मिठागरे चालत. भात, मासळी व मीठ अशी तीन उत्पन्ने एकाच बांधाच्या आधाराने मिळत होती.

परंतु हा बांध एकदा बांधून मोकळे होता येईल असा नव्हे. कुर्ल्या त्यात बिळे करतात, उंदीर माती पोखरतात, पावसाच्या सरींनी माथा झिजतो आणि उधाणाच्या लाटा पायथा खातात. खेकड्याच्या बिळातून प्रथम बोटभर पाणी झिरपते. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर दोन-चार भरत्यांत तेथे भगदाड पडते. खारे पाणी एकदा शेतात शिरले की त्या वर्षाचे पीक तर जातेच, शिवाय मातीत मुरलेले मीठ धुऊन निघण्यास पुढचे पावसाळे खर्ची पडतात. म्हणूनच बांध बांधण्यापेक्षा बांध राखणे हेच मुख्य काम होते, आणि त्यासाठी दरवर्षी, दर उधाणाला जागे राहणारी संस्था आवश्यक होती.

ताम्रपटाची साक्ष

हे काम किती प्राचीन आहे, याचा लेखी पुरावा फोंडे महालातील बांदोडे येथेच सापडला आहे. कोकणच्या मौर्य घराण्यातील राजा अनिर्जितवर्मा याचा हा ताम्रपट साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मानला जातो. हस्त्यार्य नावाच्या विद्वान ब्राह्मणाला राजाने ‘खज्जन’ भूमीचे दान दिल्याचे त्यात नमूद आहे, आणि समुद्राचे पाणी अडविणारा बांध घालून ती भूमी भातशेतीखाली आणण्याचा उल्लेखही त्यात येतो. आज ज्या बांदोड्यात श्री नागेश, श्री महालक्ष्मी व श्री रामनाथ यांची देवालये आहेत, तेथील मातीतून मिळालेल्या या पत्र्यावर खाजन हा शब्द जवळजवळ आजच्याच रूपात कोरलेला असावा, ही गोष्ट साधी नाही. दानात मिळालेली भूमी तयार शेती नव्हती. ती कष्टाने पाण्यातून काढून घ्यावयाची होती. म्हणजेच राजाने दिला तो अधिकार, आणि जमीन घडविली ती दान घेणाऱ्याने व त्याच्याबरोबर राबणाऱ्यांनी.

नदीकाठच्या तीन राजधान्या

गोव्यातील नगरेही या भरती-ओहोटीच्या पाण्यावरच वसली आणि त्या पाण्यामुळेच त्यांचे भाग्य पालटले. अकराव्या शतकात कदंबांनी कुशावतीकाठच्या चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदर गावाहून, आपली राजधानी झुवारीच्या उत्तर तीरावरील गोपकपट्टणास आणली. पहिल्या जयकेशीच्या काळात हे बंदर भरभराटीस आले. आगशी व थोरले गोंय या परिसरात किनाऱ्यालगत जांभ्या दगडांची लांबवर गेलेली भिंत आजही ओहोटीच्या वेळी जागोजाग दिसते. पाण्यापासून नगराचे रक्षण करावे आणि गलबतांना धक्का मिळावा, असा दुहेरी उपयोग तिचा असावा. चौदाव्या शतकातील स्वाऱ्यांनी हे नगर उद्ध्वस्त झाले, आणि नदीच्या गाळाने बंदरही निकामी होत गेले.

यानंतर मांडवीकाठचे एला नगर पुढे आले. बहामनी व आदिलशाही अमदानीत वाढलेले हे बंदर १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती पडले आणि काही दशकांतच पूर्वेकडील वैभवशाली नगरांत त्याची गणना होऊ लागली. परंतु दाट वस्ती, दूषित पाणी व साथीचे रोग यांनी ते पोखरले. १७५९ साली विजरईंचे वास्तव्य पणजीस हलले आणि १८४३ साली पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला.

पणजी हे तर खाजनांच्या कडेवर बसलेले शहर. पणजी व रायबंदर यांच्यामध्ये पसरलेल्या खाजनांतून आणि मिठागरांतून जाणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी रस्ता विजरई कोंद द लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, १६२९ ते १६३५ या काळात उभा राहिला. पाण्याला वाट ठेवून केलेले ते बांधकाम आजही वापरात आहे. एकोणिसाव्या शतकात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो याच्या कारकिर्दीत दलदली बुजवून शहराचा विस्तार करण्यात आला. पणजीच्या मळा व फोंताइन्यश भागात जोराच्या पावसाला उधाणाची जोड मिळाली की पाणी रस्त्यावर येते. बुजविलेल्या दलदलीच्या जागी पाणी साठविणारे खाजन उरलेले नसते, हे त्याचे एक कारण होय. राजधान्या आल्या आणि गेल्या, परंतु त्यांच्या भोवतीच्या गावांचे बांध मात्र उभे राहिले. हा फरक कशामुळे पडला, याचे उत्तर दगडमातीत नाही. ते गावकरीच्या घटनेत शोधावे लागते.

लाभ आणि कर्तव्य

गावकरी म्हणजे गाव वसविणाऱ्या मूळ कुळांचा संघ. ही कुळे वांगडांत विभागलेली असत आणि प्रत्येक वांगडाला गावच्या निर्णयात स्थान असे. जमीन कोणा एकाची नसून संघाची असे. शेतांची पावणी होऊन ती कसावयास दिली जात. मानशीच्या मासळीचीही पावणी होई आणि ती घेणाऱ्यास मानशेकार म्हणत. या उत्पन्नातून सरकारचा कर, देवालयाचा खर्च, कुळकर्णी, लोहार, न्हावी, परीट आदी गावकामगारांचा वाटा आणि बांधांची दुरुस्ती भागविली जाई. एवढे सारे झाल्यावर जे उरेल, ते गावकऱ्यांत जोन म्हणून वाटले जाई.

या क्रमाला फार अर्थ आहे. बांध आधी आणि जोन नंतर. बांधाकडे दुर्लक्ष केल्यास पुढच्या वर्षी वाटावयास काहीच उरणार नाही, हे प्रत्येक गावकऱ्याला हिशेबाच्या वहीतच दिसत असे. कर भरण्याची जबाबदारीही संघाची एकत्रित असल्यामुळे एका खाजनाचा बांध फुटला तरी त्याची झळ साऱ्या गावाला बसे. शेत कसणाऱ्यांचे भौस नावाचे संघही बांधांची देखभाल पाहत. भात उभे असताना मानशेकाराने मासळीच्या लोभाने खारे पाणी आत घेऊ नये, यावर या मंडळींची नजर असे. शेतकरी आणि मासळी धरणारा यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते, आणि त्या दोघांमध्ये न्याय करणारी सत्ता बांधापासून हाकेच्या अंतरावर होती.

ही व्यवस्था सर्वार्थाने समतेची होती असे मात्र नव्हे. जोनाचा अधिकार गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांकडेच जाई. बांधावर राबणाऱ्या मजुराला मजुरी मिळे, वाटा मिळत नसे. या उणिवेचे परिणाम पुढे दिसून आले.

सत्तांतराचा काळ

पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकल्यावर महसुलाची घडी बसविताना त्यांना गावकरीचे महत्त्व कळून चुकले. आफोंसु मेशिया याने १५२६ साली या संस्थांच्या रूढी व वहिवाटी लेखनिविष्ट करून जी सनद तयार केली, ती फोराल म्हणून प्रसिद्ध आहे. पडीक भूमी लागवडीखाली आणणारे मूळ वसाहतकार म्हणून गावकऱ्यांचा अधिकार तिने मान्य केला. पण अवघ्या काही वर्षांतच या संस्थेचे एक अंग छाटले गेले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली आणि १५४१ साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. पुढील दोन-तीन दशकांत साष्टी व बार्देश येथेही तेच घडले.

तेव्हा भाविकांनी आपले देव नदीपार अंत्रुज महालात नेले. कुशस्थळीचा श्री मंगेश प्रियोळास, केळोशीची श्री शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्री म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा श्री रामनाथ बांदोड्यास आला. मूर्ती होडीतून नेता आली, नैवेद्याची भांडी नेता आली. बांध मात्र नेता आला नाही. जे गेले, त्यांची मूळ गावातील खाजने मागे राहिली. जे राहिले व ज्यांचा धर्म बदलला, त्यांनीही तोच बांध, त्याच वांगडांच्या रचनेत, तितक्याच निष्ठेने राखला. देवालयाची जागा चर्चने घेतली, लेखनाची भाषा बदलली, परंतु उधाणाच्या आदल्या दिवशी बांधावरून फिरून बिळे बुजविण्याचे काम बदलले नाही. खाऱ्या पाण्याला धर्म कळत नव्हता. आजही अनेक जुन्या गावांच्या कोमुनिदादींत हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही कुळांची नावे गावकरी म्हणून एकाच नोंदीत आढळतात.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत सरकारने या संस्थांना नियमांच्या चौकटीत बसविले. देवस्थानांच्या महाजनांसाठी १८८६ साली स्वतंत्र नियम झाले. कोमुनिदादींसाठी १९०४ साली संहिता झाली आणि तिची शेवटची आवृत्ती १९६१ साली निघाली. अशा रीतीने एकाच मुळातून निघालेल्या दोन संस्था कायद्याने वेगळ्या झाल्या. एकीकडे देवालय राहिले व दुसरीकडे जमीन. बांधाच्या दुरुस्तीचा निर्णय गावच्या बैठकीतून हळूहळू प्रशासकाच्या कचेरीत गेला. अंदाजपत्रक, मंजुरी व पावणी यांच्या वाटा लांबल्या. पाणी मात्र मंजुरीसाठी थांबत नव्हते.

कुळकायदा आणि त्यानंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६४ साली कुळकायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या भूमीत राबलेल्यांना न्याय मिळाला, याविषयी दुमत असू नये. तथापि बांधांच्या दृष्टीने एक प्रश्न अनुत्तरित राहिला. जमीन तुकड्यातुकड्यांनी अनेकांची झाली, पण बांध तुकड्यातुकड्यांनी राखता येत नाही. कोमुनिदादीचे उत्पन्न आटले व तिची उमेद खचली. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली आणि मोठ्या कामांसाठी सरकारी खात्यांकडे पाहण्याची सवय लागली. काही संघांनी हे काम उत्तम चालविले, तर काहींत मानशीच्या पावणीचे पैसे हाच मुख्य विषय होऊन बसला.

मासळीला भाव येत गेला, तशी शेतापेक्षा पाणी अधिक लाभाचे ठरू लागले. मजुरी वाढली, तरुण नोकरीसाठी बाहेर पडले आणि खाजनशेती परवडेनाशी झाली. कित्येक ठिकाणी फुटलेला बांध तसाच राहू दिला गेला. काही ठिकाणी मानशीच्या झडपा मुद्दाम उघड्या ठेवल्या गेल्या. मांडवी-झुवारीतून खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांधांचे पायथे झिजले. भरावाचे रस्ते आणि घरे यांनी पाण्याच्या जुन्या वाटा अडविल्या. ज्या खाजनांत कोरगुट डोलत असे, तेथे आज तिवरांचे रान माजलेले दिसते. एकदा तिवरे दाट झाली की ती तोडण्यावर कायद्याचे निर्बंध येतात, आणि मग शेताचे पुन्हा शेत होणे कठीण होते.

गोव्यात आजही सुमारे अठरा हजार हेक्टर भूमी खाजन म्हणून ओळखली जाते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख होऊन त्यांचे नकाशे व संरक्षण यांची तरतूद करण्यात आली. समुद्राची पातळी वाढत असल्याच्या काळात हे आवश्यकच होते. परंतु अधिसूचना म्हणजे बांध नव्हे. खेकड्याचे बीळ नकाशावर दिसत नाही. ते बांधावरून पायी चालणाऱ्यालाच दिसते.

खाजनांच्या दीर्घ इतिहासातून एकच गोष्ट ठळकपणे समोर येते. बांध मातीने उभा राहतो, पण टिकतो तो ज्यांना त्याचा लाभ होतो त्यांनीच त्याचे ओझेही वाहिले तर. गोपकपट्टण व एला यांच्यामागे राजांचे बळ आणि व्यापाऱ्यांचे धन होते, तरीही ती नगरे गेली. खाजनांच्या मागे फक्त गावचा हिशेब आणि गावची नजर होती, आणि ती हजार वर्षांहून अधिक काळ तगली. जेथे लाभ एकाकडे व दुरुस्ती दुसऱ्याकडे गेली, तेथे भगदाड पडण्यास एक उधाण पुरेसे झाले.

देवालयाच्या जीर्णोद्धाराचे महत्त्व महाजन कुटुंबांना सांगावयास नको. पिढीतून एकदा तो योग येतो, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात, सुवर्णकलश चढतो. बांधाचा जीर्णोद्धार दरवर्षी करावा लागतो आणि त्यावर कोणाचेच नाव लागत नाही. मूळ स्थानाच्या दर्शनाला निघालेली कुटुंबे झुवारीचा पूल ओलांडून कुठ्ठाळी-केळोशीकडे वळतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला तिवरांच्या आड एक हिरवी, बसकी रेघ दिसते. आज जी नावे महाजनांच्या वहीत आहेत, त्यांच्या पूर्वजांचे हिशेब एके काळी त्या रेघेपासून सुरू होत असत. ती अजून अभंग आहे की मध्येच कोठे तुटली आहे, एवढे पाहण्यापुरते तरी तेथे थांबणे, हे त्या पूर्वजांचे स्मरणच ठरेल.